वासराचे वीस टक्के

मोबाईलची बॅटरी दिवसभर कशी पुरवावी हे भोर आणि वेल्हे या दोन तालुक्यांत मिळून एकाच माणसाला खऱ्या अर्थानं कळलं होतं, आणि तो माणूस म्हणजे माझे मामेसासरे. हे मी जावई म्हणून कौतुकानं सांगत नाही. मामेसासऱ्यांचं कौतुक करण्याची सक्ती आमच्याकडे कुणा जावयावर नाही. माझ्या घरात तीन फोन आहेत, तिन्ही मामांच्या फोनपेक्षा नवे आहेत, आणि दुपारचे दोन वाजले की तिन्ही माना टाकतात. मामांचा फोन म्हणजे मी चार वर्षं वापरून, एकदा पाण्यात आणि तीनदा जिन्यावरून पाडून झाल्यावर उतरून ठेवलेला फोन, आणि तो रविवारी भरला की पुढच्या गुरुवारपर्यंत चालायचा. मी भोरला हायस्कुलात गणित शिकवतो. शेकडेवारी शिकवण्यात माझी पंचवीस वर्षं गेली, पण टक्का ही काय चीज आहे ते मला मामांनी दाखवलं. मामा आहेत, देवाच्या दयेनं ठणठणीत आहेत. ती विद्या मात्र त्यांनी सोडली, आणि त्याला कारण मी आहे.

मामा राहतात पालीच्या वरच्या अंगाला. राजगडावर जाणारी मंडळी पालीच्या हॉटेलात चहा पिऊन जी वाट धरतात ती सोडून बाजूच्या सोंडेनं तासभर चढलं की चार घरांची वस्ती लागते, त्यातलं शेवटचं घर मामांचं. मामी जाऊन पुष्कळ वर्षं झाली, मूलबाळ नाही. चार म्हशी, दोन गाई, वीसेक शेळ्या आणि मामा, एवढं ते कुटुंब. वस्तीवर लाईट आहे, म्हणजे खांब आहेत आणि तारा आहेत, पण वाऱ्यानं जरा जोर केला की लाईट जाते आणि परत केव्हा येणार हे विचारायला खाली जावं लागतं. रेंज वस्तीवर नाहीच. ती मिळते घरामागच्या टेपावर, म्हणजे छोट्या टेकाडावर, एका मोठ्या धोंड्यावर, तीही धोंड्याच्या उगवतीकडच्या टोकाला उकिडवं बसलं तरच. उभं राहिलं की जाते. नेटवर्कचे इंजिनिअर डोकं फोडून घेतील, पण मामांनी ती जागा चार दिवस फोन हातात धरून, एकेक वीत सरकत शोधून काढली होती आणि तिथं कोळशानं फुली मारून ठेवली होती.

मी नवा फोन घेतला तेव्हा जुना मामांना दिला. खोटं कशाला सांगू, तो दुसऱ्या कुणी फुकटही घेतला नसता. देताना माझा तोरा मात्र असा, की जणू मीच तो शोधून काढला आहे. त्याच आठवड्यात मी बॅटरीवरचा कसलासा व्हिडिओ पाहिला होता, आणि मास्तराला नवी माहिती पोटात ठेवता येत नाही. मी मामांना समोर बसवलं आणि सांगितलं, की बॅटरी ऐंशीच्या वर भरायची नाही आणि वीसच्या खाली उतरू द्यायची नाही, म्हणजे ती वर्षानुवर्षं टिकते. मामांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, की ते खालचे वीस वापरायचे कधी? मी म्हणालो, वापरायचेच नाहीत, तिथं आलं की फोन बंद करायचा. मामा विचारात पडले. "मग ते वीस असत्यात कुणाचं?" या प्रश्नाला व्हिडिओत उत्तर नव्हतं. तेवढ्यात मामांचा चेहरा उजळला आणि ते म्हणाले, "समजलं. वासराचं."

धार काढताना मामा एक सड वासरासाठी सोडतात. दूध कितीही कमी असो, खाली डेअरीची गाडी खोळंबलेली असो, त्या सडाला त्यांचा हात लागत नाही. त्यांच्या वडिलांनी लावला नाही, आजोबांनी लावला नाही. तोच कायदा त्या दिवसापासून फोनला लागू झाला. वीस आकडा दिसला की मामा फोन बंद करत, फडक्यात गुंडाळत आणि परत चार्ज होईपर्यंत त्याच्याकडे ढुंकून बघत नसत. मी हा किस्सा घरी सांगितला, स्टाफरूममध्ये सांगितला, नववीच्या वर्गात शेकडेवारीच्या धड्याला सांगितला. सगळीकडे हशा मिळाला. मामांची टवाळी करून मी चार वर्षं हशे मिळवले आहेत.

पुढं पुढं तर मामांनी घड्याळच सोडून दिलं. वेळ ते टक्क्यांत मोजू लागले. अमक्याच्या लग्नात जेवणाला किती वेळ लागला असं विचारलं, तर "बोलत बसला असता तर नऊ टक्के गेलं असतं" असं उत्तर यायचं. माणसांचीही त्यांनी प्रतवारी लावली होती. भाच्यांना प्रत्येकी एक टक्का. गुरांच्या डॉक्टरला दोन, कारण तो अडल्या वेळचा माणूस. मला अर्धा. मी एकदा तक्रार केली, की मामा, फोन माझा, व्हिडिओ मी बघितलेला, आणि मला अर्धा? तर म्हणाले, तुमी शिकलेलं, तुमाला थोडक्यात कळतं. विमेवाल्या पोरीचा फोन आला तर मात्र मामा धोंड्यावर ताडकन उभे राहत, म्हणजे रेंजच जायची.

फोन करण्याआधी मामा बोलायचं वाक्य मनात घोकत. म्हशींना पाण्यावर नेताना, शेण काढताना, त्यांचे ओठ हलताना दिसले की समजावं, आज कुणालातरी फोन आहे. घोकून झालं की धोंड्यावर जायचं, फुलीवर बसायचं, फोन चालू करायचा आणि एका दमात सगळं ओतून बंद करायचा. हॅलो नाही, कसं काय नाही. हॅलो म्हणायलाही करंट लागतो असं त्यांचं म्हणणं. एकदा आमच्या शाळेत पालकसभा चालू होती आणि मी मुलांनी मोबाईलपासून दूर राहावं या विषयावर बोलत होतो. तेवढ्यात खिशातला फोन वाजला. कापायला गेलो तो बोट स्पीकरवर पडलं, आणि भरसभेत आवाज घुमला, "थोरली म्हस याली, रेडी झाली, वार पडली, आक्काला सांगा, ठेवतो." पालकांनी टाळ्या वाजवल्या. मुख्याध्यापकांनी मला चहाच्या वेळी विचारलं, की रेडी कशी आहे?

पडद्याचा उजेड त्यांनी इतका कमी करून ठेवला होता की उन्हात काही म्हणता काही दिसत नसे. म्हणून मामा धोंड्यावर बसून डोक्यावरून घोंगडी ओढून घेत आणि आत फोन बघत. गडावरून वाट चुकून तिकडं उतरलेल्या काही पोरांनी एकदा ते पाहिलं: धोंड्यावर एक घोंगडी उकिडवी बसलेली, आणि ती आपल्याशीच बोलते आहे, "बंद हो, बंद हो की रं." पोरं उलट्या पावली पळाली. खाली हॉटेलात त्यांनी ही हकीकत थरथरत सांगितली, आणि हॉटेलवाल्यानं ती आजही गिऱ्हाइकांना सांगायची सोडलेली नाही. फोनचं थरथरणं मामांनी बंद केलं होतं, कारण थरथरायला ताकद लागते. आपण कुठं आहोत हे फोन सारखा वर कळवत असतो असं मी सांगितल्यावर तेही बंद. "कशाला सांगायचं म्या कुठं हाय? म्या हितंच हाय." माझ्या बायकोनं मोठ्या हौसेनं फोनवर देवाचा फोटो लावून दिला होता. मामांनी तो आठ दिवस ठेवला, मग हात जोडून काढून टाकला आणि पडदा कोरा काळा केला. देवालाही लाईट लागते, आणि देवाला ते कळतं, असं त्यांनी भाचीला समजावलं. उन्हाळ्यात फोन पाण्याच्या माठाशेजारच्या कोनाड्यात ओल्या फडक्यामागं राहायचा. मामा स्वतः बाहेर पत्र्याखाली तापत बसायचे.

मामा दिवाळीत दोन दिवस आमच्याकडे भोरला आले, तेव्हा घरात काय हाहाकार झाला ते विचारू नका. आम्ही फोन चार्जिंगला लावून विसरतो हे त्यांनी पाहिलं आणि त्यांना सहनच होईना. शंभरपर्यंत फोन भरणं म्हणजे दूध चुलीवर ठेवून शेजारी गप्पा मारायला जाणं, अशी त्यांची समजूत. दोन्ही दिवस ते प्लगाशेजारी पाट टाकून बसून होते. ऐंशी झाले की पिन ओढायचे आणि "उतरला" म्हणून आतल्या खोलीत हाक द्यायचे. जाता जाता त्यांनी माझ्या फोनचं इंटरनेटही बंद करून टाकलं. त्यामुळे सुट्टी दोन दिवसांनी वाढल्याचा शाळेच्या ग्रुपवरचा निरोप मला मिळाला नाही आणि मी सोमवारी सकाळी इस्त्रीचे कपडे घालून बंद शाळेच्या फाटकापुढं अर्धा तास उभा राहिलो. मामांना फोन करून रागावणार होतो, पण त्यांचा फोन बंद होता.

शनिवार-रविवारी पालीच्या हॉटेलात मामांचा दरबार भरायचा. सकाळी डेअरीला दूध घातलं की ते हॉटेलात फोन चार्जिंगला लावून त्याच्या राखणीला बसत. गडावरून उतरलेली पुण्याची पोरं-पोरी मेलेले फोन हातात धरून त्याच बोर्डाभोवती गर्दी करायची. मामा एकेकाचा फोन हातात घेऊन, बैलाचे दात बघावेत तसा निरखून निदान सांगायचे. तुमचा उजेड लई हाय. तुमची मागची दारं सगळी उघडी हायेत, ती लावा. गडावर रेंज न्हाई तर त्याला विमानात टाका, न्हाईतर तो बापडा रेंज हुडकून हुडकून मरतोय. एका पोरीनं त्यांचं सगळं म्हणणं लक्ष देऊन ऐकलं. ती म्हणे कुठल्याशा मोबाईल कंपनीतच कामाला होती. ती म्हणाली, काका, तुम्ही सांगता ते शंभर टक्के बरोबर आहे. मामा एवढंच म्हणाले, "ऐंशी."

असा हा काटकसरीचा माणूस एकाच ठिकाणी उधळ्या होता. ते ठिकाण म्हणजे आक्का.

आक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण, माझ्या सासूबाई. मामा दीड वर्षाचे असताना त्यांची आई गेली. आक्का तेव्हा नऊ वर्षांच्या. त्यांनी या भावाला कडेवर घेऊन शेळ्या राखल्या, शेळीच्या दुधावर त्याला वाढवला. पुढं लग्न होऊन त्या सारोळ्याला आल्या, नीरेच्या पुलाजवळ, हायवेच्या कडेला. पन्नास वर्षं त्यांनी ट्रकांचे आवाज ऐकले आणि मनानं त्या त्याच टेपावर राहिल्या. मामांकडे फोन आला आणि या बहीणभावांना जणू हरवलेलं माहेर सापडलं. ऐंशीतून वासराचे वीस वजा जाता उरतात साठ. त्यातले निम्मे आक्कांचे. त्यांच्याशी बोलताना मामा वाक्य घोकून जात नसत. हॅलो म्हणत. दोनदा म्हणत. आक्का एकेका जनावराची चौकशी करायच्या, कुणाचा खूर बरा झाला, कोण माजावर आहे, कोण अजून लाथ मारतं. मध्येच विचारायच्या, "किती झालं रं?" मामा सांगायचे, अकरा. "मग अजून दोन बोल," असं आक्का म्हणायच्या, आणि ते दोनाचे पाच व्हायचे. सारोळ्याला गेलो की रविवारी सकाळी हे संभाषण मी कितीदा ऐकलं आहे. आक्का फोन पदरानं पुसून ठेवायच्या आणि मग सबंध दिवस त्यांचा चेहरा हसरा असायचा.

गेल्या श्रावणात आक्कांना दम लागायला लागला. आम्ही त्यांना भोरच्या दवाखान्यात आणलं. मामा त्याच दिवशी येऊन भेटून गेले. त्यांना राहायचं होतं, पण दोन म्हशी दुसऱ्या कुणाच्या हाताला पान्हवत नसत, आणि आक्कांनीच त्यांना दटावून परत पाठवलं, की जा, जनावरं उपाशी नको ठेवूस, मी काय पळून चालले नाही. मामा वर गेले आणि पावसानं असं काही धरलं की वस्तीखालचा ओढा भरून वाट बंद झाली. लाईट गेली. मामांना खाली येता येईना, फोन चार्ज करता येईना. जे होते त्याच टक्क्यांवर ते दिवसातून तीनदा धोंड्यावर जात, पावसात घोंगडी पांघरून बसत, आणि मला विचारत, "कशी हाय?"

तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा फोन आला. मी सांगितलं, की आक्का चांगल्या आहेत, उठून बसल्या, चहा घेतला, डॉक्टर समाधानी आहेत, तुम्ही उद्या ओढा उतरला की सावकाश या. मामा म्हणाले, बरं. मग जरा थांबून म्हणाले, "वीसला आलाय आता." ते विचारत होते. हे मला आज कळतं. त्या थांबण्यात प्रश्न होता, की आज काय करू, राहू देऊ का चालू? आणि मी हसून म्हणालो, "करा मग बंद. वासराचं राहू द्या." आपल्याच विनोदावर खूश होऊन मी फोन खिशात टाकला.

दुपारी चारच्या सुमाराला आक्कांना जाग आली. चेहरा उतरला होता, पण बोलणं स्वच्छ होतं. मला म्हणाल्या, धाकट्याला फोन लावा. मी लावला. बंद. अर्ध्या तासानं पुन्हा म्हणाल्या, लावा बघू परत. पुन्हा बंद. वस्तीवर आणखी फोन होते, पण लाईट नसल्यानं ते सगळे दोन दिवसांपूर्वीच मेले होते. त्या टेपावर जिवंत होऊ शकेल असा एकच फोन होता, आणि तो माझ्या सांगण्यावरून बंद होता. आक्का म्हणाल्या, "न्हाई का लागत? टक्के सरलं असतील. आन् आता गुरं पान्यावर असत्याल. ऱ्हाऊ द्या, उद्या बोलते त्याच्याशी." दिवेलागणीला त्या गेल्या. मग मला पालीच्या हॉटेलवाल्याला फोन करायचं सुचलं. ओढा दुपारीच उतरला होता, असं तो म्हणाला. चार वाजता त्याला फोन केला असता तर त्यानं माणूस वर पाठवला असता. मला ते सात वाजता सुचलं. काळोखात निसरड्या वाटेनं कुणी जायला धजेना, म्हणून त्यानं उजाडल्यावर माणूस पाठवला.

मामा सारोळ्याला पोचले तेव्हा आम्ही त्यांच्यासाठीच थांबलो होतो. नीरेच्या काठावर सगळं आटोपलं. माणसं हळूहळू पांगली. मामा घाटाच्या पायरीवर बसून होते, मी शेजारी जाऊन बसलो. त्यांनी कोपरीच्या खिशातून प्लॅस्टिकची पिशवी काढली, पिशवीतून फडकं, फडक्यातून फोन. तो चालू केला आणि माझ्यापुढं धरला. "वीस हाय. तसाच ठिवलाय." मामा म्हणाले, "तुमी सांगितल्यालं बरुबर व्हतं, जावईबापू. जुना फोन, पन बॅटरी लई टिकली." त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी तो आनंदानं झेलला असता.

मग त्यांनी विचारलं, की आक्कानं माझी आठवण काढली होती का? आणि मी म्हणालो, "नाही मामा. झोपेतच गेल्या."

मामांनी मान हलवली. म्हणाले, बरं झालं, म्हणजे माझ्यासाठी खोळंबली नाही. मी स्वतःची समजूत घातली, की बघा, यांना बरंच वाटलं. खरं सांगून काय साधणार होतो? जन्मभर त्या बंद फोनकडे बघत बसले असते. माझी बायको त्या दिवशी दवाखान्यातच होती, तिनं सगळं ऐकलं होतं. ती म्हणाली, सांगून टाका त्यांना. मी म्हणालो, कशाला उगाच जखमेवर मीठ. असल्या वेळी आपली जखम झाकायला आपण दुसऱ्याच्या जखमेचं नाव सांगतो.

त्यानंतर मामा बदलले. फोन चोवीस तास चालू राहायला लागला. उजेड पुरता, आवाज पुरता, कधी वीस, कधी दोन, कधी मेलेलाच. हॉटेलातला दरबार मोडला. कुणी विचारलंच तर म्हणत, वापरा की, राखून काय करायचंय? मला अर्ध्या टक्क्यात गुंडाळणारे मामा रविवारी सकाळी मला फोन करू लागले, हॅलो म्हणू लागले आणि बोलत राहू लागले. गुरांचं सांगायचे, पावसाचं सांगायचे, आणि फिरून फिरून त्याच दारी यायचे. "आक्कानं त्या दिशी चा घेतला व्हता म्हनला ना? मग फुडं काय बोलली?" मी सांगायचो, विशेष काही नाही मामा, थकल्या होत्या. मग तासाची घंटा झाली असं काहीतरी सांगून मी फोन ठेवायचो. रविवारी, सुट्टीच्या दिवशी, घंटा. मामांनी ते कधी धरलं नाही. सात महिने हे चाललं. मला त्यांचा जुना अर्धा टक्का आठवायचा. ज्याची आपण मनसोक्त थट्टा केली ते माणसातून निघून गेलं की कसं वाटतं हे मी नववीच्या वर्गाला काही सांगू शकलो नाही.

यंदा होळीच्या सुट्टीत मी एकटाच वर गेलो. मामांनी पिठलं-भाकरी केली. जेवण झाल्यावर आम्ही अंगणात बसलो होतो, उन्हं उतरायला लागली होती, शेळ्या आपापल्या जागी बसत होत्या. मामा बराच वेळ जमिनीवर काडीनं रेघा ओढत होते. मग वर न बघता त्यांनी विचारलं, "जावईबापू, खरं सांगा. आक्का माझ्यावर रुसून गेली का?"

मी म्हणालो, असं का म्हणता?

"म्या तिला दवाखान्यात टाकून म्हशीच्या मागं आलो. दुसरं कोन असतं तर ऱ्हायलं असतं. तिनं जाताना माझं नाव बी काढलं न्हाई. म्हंजी रुसलीच असंल."

सात महिने हा माणूस हे पोटात घेऊन गुरांमागं फिरत होता. मी त्यांना वाचवलं असं मला वाटत होतं. मी वाचवलं होतं मला, आणि त्याचं सगळं ओझं त्यांच्या डोक्यावर ठेवलं होतं. मी म्हणालो, "मामा, मी खोटं बोललो. त्या रुसल्या नव्हत्या. चार वाजता त्यांनी तुम्हाला फोन लावायला सांगितला. दोनदा लावला."

मामांच्या हातातली काडी थांबली. "तिनं सांगितलं, का तुमी आपलं लावला?"

"त्यांनी सांगितलं. दोन्ही वेळा."

"दोनदा?"

"दोनदा. तुमचा फोन बंद होता. आणि मीच तुम्हाला सकाळी बंद करा म्हणालो होतो. माझं चुकलं, मामा. तेव्हाही चुकलं आणि नंतर सांगितलं नाही तेही चुकलं."

मला वाटलं, आता मामा रागावतील, निदान रडतील. ते माझ्याकडे बघतच नव्हते. पलीकडच्या डोंगरावर ऊन होतं, तिकडं बघत होते, आणि त्यांचा चेहरा हळूहळू सैल होत गेला. मी ज्याला सात महिने भीत होतो ते त्यांच्यापर्यंत पोचलंच नाही, किंवा पोचून मागं राहिलं. त्यांनी उपरण्यानं डोळे पुसले, नाक पुसलं, आणि स्वतःशीच म्हणाले, "दोनदा लावला म्हनं." मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, ती आणखी काय म्हणाली? मी सांगितलं. गुरं पाण्यावर असतील म्हणाल्या, राहू द्या म्हणाल्या, उद्या बोलते त्याच्याशी म्हणाल्या. मामा हसले. खरंच हसले. "गुरं पान्यावरच व्हती तवा," ते म्हणाले. "तिला ठावं असायचंच."

थोड्या वेळानं ते माझ्या जवळ सरकून बसले आणि म्हणाले, "पुन्ना सांगा. सकाळपासनं सांगा, ती उठून बसली तिथपासनं." मला परतीची शेवटची एसटी गाठायची होती, ती मी जाऊ दिली. मांडी नीट घातली आणि सकाळच्या चहापासून, काही न गाळता, सावकाश सांगायला लागलो.